दुधाची दाढ

निपाणीत विड्या वळणारी एक बाई होती. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. मजुरी हजार विड्यांमागं, त्यामुळं जेवढं वळलं तेवढंच घरात यायचं.

तिच्या थोरल्या लेकीची दुधाची दाढ सातव्या वर्षी किडली. पोर रात्रभर रडली. सासूबाई मशेरी लावता लावता म्हणाल्या, "दुधाचीच हाय, पडायचीच की कवातरी. काढून टाक." दाढ काढली. दुखणं थांबलं आणि सगळे विसरले.

पोर बारा वर्षांची झाली, तेव्हा वरचा सुळा हिरडीत उंचावर, बाहेरच्या अंगाला उगवला. ओठ आतून सोलून निघायचा, पण हे तिनं बरेच दिवस सांगितलंच नाही. हसताना मात्र ओढणी तोंडापुढं धरू लागली.

गल्लीत कुणी म्हणालं, सुळाच उपटा. कुणी म्हणालं, लग्नाआधी बघू. एका सोमवारी बाईनं सूप भिंतीला टेकवलं, लेकीला आणि सात वर्षांच्या धाकट्याला घेऊन बेळगावची बस धरली. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी मागं पडलं.

नेहरूनगरात केएलईचं दंत महाविद्यालय आहे, १९८५ सालापासूनचं. शिकाऊ डॉक्टर दात तपासतात, शिकवणारे मोठे डॉक्टर पाठीशी असतात. केसपेपर निघाला, एक्स-रे झाला. शिकाऊ पोरगा कानडी बोलणारा, पण पोरीचा ओठ त्यानं इतक्या अलगद उचलला की ती दचकलीही नाही.

मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी पोरीच्या दातांचा पांढरा साचा बाईच्या हातात दिला. "ताई, दुधाची दाढ इथं होती. सहाव्या वर्षाच्या सुमाराला तिच्या मागं कायमची दाढ येते. पुढं मोकळं दिसलं की ती पुढं सरकते. वरचा सुळा येतो अकराव्या-बाराव्या वर्षी. तोवर जागा संपली."

बाईनं साच्यावरून बोट फिरवलं. "म्हंजे, सीटवर रुमाल टाकून जागा धरतो, तसं व्हय?"

"तसंच. तुमचा रुमाल लवकर उचलला गेला."

लेकीला तारा लावायचं ठरलं. तार दाताला हळूहळू ढकलते. दाब पडतो तिकडचं हाड झिजतं, मागं नवं भरतं. म्हणून दीड-दोन वर्षं लागणार, महिन्याला एक खेप. खेपेला किती विड्या बुडतील याचा बाईनं मनात हिशेब केला आणि मान हलवली.

मग ती म्हणाली, "ह्याचंबी तोंड बघा की."

धाकट्याचीही दुधाची दाढ किडली होती, पण वाचण्यासारखी होती. ती साफ करून भरली. काढावीच लागली असती, तर जागा धरायला तिथं तारेचं कडं बसवलं असतं, असं मॅडम म्हणाल्या.

सासूबाईंना तरी दोष कसा द्यावा? त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. जे पडणारच आहे, ते आपण हिशेबात धरत नाही. पण पडेपर्यंत त्याचं काम चालू असतं, आणि ते मागून येणाऱ्यासाठी असतं.

पुढच्या खेपेला गल्लीतल्या दोघी आपापली पोरं घेऊन त्याच बसमध्ये चढल्या. एकीनं विचारलं, "माझ्याचं काय दुखत न्हाई, तरी दाखवायचं?"

"सातव्याच्या आत एकदा दाखवा म्हणत्यात," बाई म्हणाली. "सरक तिकडं, पोराला बसू दे."