हसू कोणाच्या बाजूचे?

आज सकाळपासून तुम्ही किती वेळा हसलात? जरा आठवून पाहा. त्यातले एखादे हसू निवडा आणि स्वतःला विचारा, 'त्या वेळी मी कोणाबरोबर हसत होतो आणि कोणाला हसत होतो?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच सापडते. दुसऱ्याचे उत्तर कबूल करायला मला दोन महिने लागले.

मी मूळची साताऱ्याची. शिक्षणासाठी दिल्लीत आले आणि मुनिरका गावात राहते. गाव म्हणायचे, पण गावपण आता नावापुरतेच उरले आहे. गल्ल्या अरुंद, डोक्यावर तारांचे जाळे, आणि इमारती इतक्या जवळजवळ की समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजून माणूस आपला गॅस बंद करतो. आमच्या एका जिन्यात मणिपूर, बिहार, केरळ आणि सातारा राहतात. स्वयंपाकघर मात्र सगळ्यांचे एकच.

मला नकला चांगल्या जमतात. शाळेत बक्षिसेही मिळाली आहेत. एका रात्री भांडी घासताना मी शेजारच्या खोलीतल्या मणिपुरी मुलीच्या हिंदीची नक्कल केली. तिच्या बोलण्यात 'मम्मी' येतो आणि 'पापा' येते, तेवढेच घेऊन मी पाच मिनिटे रंगवली. तिघीजणी पोट धरून हसल्या. मी वळले, तर ती रिकामी बाटली घेऊन दारात उभी होती. तीही हसली. बाटली भरून घेतली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्याबरोबर स्वयंपाकाला येईनाशी झाली. आमचे आटोपले की रात्री साडेदहाला येऊन भात लावायची. भांडण नाही, तक्रार नाही. मी मनाशी म्हणत राहिले, 'तीसुद्धा हसलीच होती की!'

एका शब्दाची अडचण

त्याच दिवसांत मी सेवा म्हणून एका लेखाचे मराठी भाषांतर करत होते. विषय होता दुसऱ्याशी मायेने वागण्याचा. इंग्रजीत त्यासाठी एक सुटसुटीत शब्द आहे. मराठीत मात्र मी अडले. 'दया' म्हणावे तर देणारा वर उभा राहतो आणि घेणारा खाली. 'करुणा' फार उंचावरची. 'कणव' दुःखी माणसापुरती. 'माया' आईच्या जवळची, आणि आपल्या अध्यात्मात तर तिला भलताच दुसरा अर्थ आहे! शेवटी मी 'आपुलकी' लिहिले. आपुलकी म्हणजे समोरच्याला आपला मानणे. तो शब्द टंकत असताना भिंतीपलीकडून रात्री साडेदहाचा भात शिजल्याचा वास येत होता. मला तो शब्द पुढे ढकलता येईना.

तुमचेही असे होते का? चांगल्या विचारांचे आपण वाचन करतो, पाठांतर करतो, ते इतरांना पाठवतो. मग एखाद्या दिवशी तोच विचार आपल्याच दारात येऊन उभा राहतो.

एकटा माणूस, अख्खी चाळ

अशा वेळी मला पु. ल. देशपांडे आठवले. पुलं (१९१९–२०००) आपल्याला लेखक म्हणून ठाऊक आहेत. पण ते नटही होते. 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटात लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका त्यांचीच होती. पुढे 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर सादर करताना ते एकटे उभे राहत आणि प्रेक्षकांना सगळे बिऱ्हाडकरू दिसत. आमच्या दिल्लीशीही त्यांचे नाते आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी इथे दूरदर्शन सुरू झाले, तेव्हाच्या आरंभीच्या दिवसांत त्यांनी इथे काम केले आणि पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीसाठी मुलाखतही घेतली.

पुलंनीही आयुष्यभर माणसांच्या नकलाच केल्या. त्यांची लकब, उच्चार, हट्ट, कंजुषी, काही सोडले नाही. मग त्यांच्या नकलेत आणि माझ्या नकलेत फरक काय? पुस्तके पुन्हा काढून वाचली, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, ते स्वतःला वगळत नाहीत. 'असा मी असामी'मधला धोंडो भिकाजी जोशी हा साधा कारकून आपली फजिती आपणच सांगतो. सांगणाराच आधी हसण्याच्या जागी येऊन बसतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्याच्या शेजारी बसायला संकोच वाटत नाही.

दुसरी, ते माणसाला अर्ध्यावर सोडत नाहीत. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला रत्नागिरीचा अंतू बर्वा पाहा. जीभ अशी की समोरच्याची सालटी निघावीत. त्याच्या तिरकस बोलण्याला आपण हसत राहतो आणि हसता हसता त्याचे एकटेपण आपल्या लक्षात येते. लग्नघरातली सगळी कामे अंगावर घेणारा नारायण वाचल्यावर पुढच्या लग्नात आपली नजर त्या राबणाऱ्या माणसाला शोधते. 'बटाट्याची चाळ'च्या शेवटच्या चिंतनातही हसू हळूहळू थांबते आणि ती जुनी चाळ आपली वाटू लागते.

मी त्या मुलीच्या फक्त जिभेपर्यंत गेले होते. तिच्या घरी कोण कोण आहे, कोणत्या परीक्षेसाठी ती रात्रभर जागते, मला काहीच ठाऊक नव्हते. पुलंही कधी चुकले नसतील असे नाही. त्यांच्या विनोदातल्या काही जागा आजच्या वाचकाला खटकतात. पण जाण्याची दिशा माणसाच्या आतली होती.

आपल्याकडे परकायाप्रवेश हा शब्द आहे. नट तो रोज करतो: दुसऱ्याचे चालणे, रडणे, त्याची भीती अंगावर घेतो. सर्जनशीलता म्हणतात ती हीच, आणि आपुलकीलाही नेमके हेच लागते. 'याच्या जागी मी असतो तर?' ही कल्पना करता आली नाही, तर माणूस वाईट नसूनही कठोर वागतो. परकायाप्रवेशाचे हे वळण आपल्या परंपरेला नवे नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडात विंचू चावल्याचे सोंग घेतले. सोंग पाहून लोक हसले, पण विंचू कामक्रोधाचा होता आणि तो प्रत्येकालाच चावलेला होता. तिथे हसणारा आणि ज्याला हसायचे तो, असे दोन पक्ष उरतच नाहीत.

'गंमत केली' म्हणण्याआधी

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा नकलेचे इतके काय मनावर घ्यायचे? मीही तेच म्हणत होते. पण याच शहरात २९ जानेवारी २०१४ रोजी लाजपत नगरच्या बाजारात अरुणाचल प्रदेशच्या निदो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून टर उडवली गेली. वाद झाला, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्यानंतर ईशान्येकडील लोकांच्या तक्रारी समजून घेण्यासाठी सरकारने बेझबरुआ समिती नेमली. प्रत्येक थट्टा तिथपर्यंत जात नाही, हे खरे. पण जी थट्टा तिथपर्यंत गेली, तिची सुरुवातही कोणीतरी हसण्यापासूनच झाली होती. आणि ज्याला रोज कोठे ना कोठे हसले जाते, त्याच्यासाठी स्वयंपाकघर ही थट्टेतून सुटका मिळण्याची जागा असावी. ती मी हिरावून घेतली होती.

दोन महिन्यांनी एका रात्री साडेदहाला मी स्वयंपाकघरात गेले. भाषण तयार केले होते, ते विसरले. एवढेच म्हणाले, "त्या दिवशी मी चुकले. तू ऐकलेस म्हणून नाही, तू ऐकले नसतेस तरी चुकलेच होते."

ती काही वेळ भात ढवळत राहिली. मग माझ्याकडे न पाहता, अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "रुको ना, मैं आती ना, मेरेको भी भूख लगी ना!" प्रत्येक वाक्याच्या शेवटी ना! मी असे बोलते? शेजारच्या खोलीतून कोणीतरी हसत ओरडले, "अगदी अश्शीच बोलतेस!" माझे कान तापले. त्या एका क्षणात तिचे दोन महिने मला समजले. मग मीही हसले, आणि या वेळी ती खरोखर हसली. आता आम्ही साडेआठला एकत्र स्वयंपाक करतो. आम्ही घट्ट मैत्रिणी झालो, असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. ती अजूनही मोजकेच बोलते. विश्वास परत येतो तो पायी पायी, आणि त्याची वाट पाहणे हे माझे काम आहे.

वहीत न येणारी जमा

वाणिज्य शाखेची असल्याने हिशोबाचे एक उदाहरण देते. धंद्याच्या नावलौकिकाला, म्हणजे गुडविलला, किंमत असते. पण आपल्या लेखामानक २६ प्रमाणे स्वतः कमावलेला नावलौकिक ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. आपुलकीचेही तसेच आहे. ती रोज कमवावी लागते आणि आपल्याच वहीत आपण ती जमा धरायची नसते. 'मी माफी मागितली, आता तिने पूर्वीसारखे वागावे' ही माझी अपेक्षा म्हणजे तीच चुकीची नोंद होती.

पुलं आणि सुनीताबाईंचा हिशोब याबाबतीत शिकण्यासारखा आहे. लोकांना हसवून मिळालेल्या पैशातला मोठा वाटा त्यांनी पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या मार्फत समाजाकडे वळवला. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यामागे या दोघांचा आधार होता. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकारी कलावंतांनीही आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी' या विनोदी नाटकाचे प्रयोग केले आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे केले, पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून. त्या नाटकाला खळखळून हसलेल्या प्रेक्षकाच्या तिकिटाने कुठल्यातरी गावातल्या कार्यकर्त्याची चूल पेटली असेल.

या आठवड्यासाठी एक अभ्यास

गंभीर राहा, असे मला अजिबात सांगायचे नाही. ज्या घरात हसू नाही तिथे साधनाही कोरडी होते. फक्त एवढे करून पाहा. कोणावर विनोद सुचला, तर तो ओठांवर येण्याआधी त्या माणसाविषयी आपल्याला ठाऊक असलेल्या तीन गोष्टी आठवा. तीन आठवल्या नाहीत, तर विनोद ठेवून द्या आणि आधी ओळख करून घ्या. आठवल्या, तर स्वतःला विचारा, 'हा माणूस दारात उभा असता, तरी मी हे असेच बोलले असते का?' आणि रोज एकदा तरी स्वतःवर हसा. त्यासाठी साहित्य कमी पडत नाही, हे स्वानुभवाने सांगते.

मी नकला सोडलेल्या नाहीत. कालच स्वयंपाकघरात एक केली. साताऱ्याहून आलेली एक मुलगी दिल्लीच्या भाजीवाल्याशी घासाघीस करते आणि दर वाक्याला 'ना' म्हणते, अशी. सर्वांत मोठ्याने हसली ती दारातली. तिच्या हातात बाटली नव्हती. कांदा होता, अर्धा चिरलेला.