शेपटी सरळ झाली तेव्हा

आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगू लागला की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, पाण्याचे नमुने नेले जातात आणि वारी जवळ आली असेल तर ओरड वाढते. त्या फेसामागे गावांचे मैलापाणी असते, कारखान्यांचे सांडपाणी असते आणि घरोघरच्या धुण्याचे पाणीही असते. यांपैकी धुण्याच्या पावडरीची गोष्ट जरा निराळी आहे. तिच्यातला एक मोठा दोष साठ वर्षांपूर्वी थेट रेणूची ठेवण बदलून काढला गेला होता.

जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतात आणि कपड्यावर चिकट साका उरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेल्या डिटर्जंटने ही अडचण दूर केली. त्याचा मुख्य रेणू करणे स्वस्त होते. तेलशुद्धीकरणात निघणाऱ्या प्रोपिलीनचे चार रेणू एकमेकांना जोडायचे, ती शेपटी बेंझीनला लावायची आणि दुसऱ्या बाजूला पाण्याशी सलगी करणारा सल्फोनेट गट बसवायचा. कपडे लख्ख निघत. फक्त त्या शेपटीला बाभळीच्या काटकीसारखे फाटे होते.

धुताना त्या फाट्यांनी काही बिघडत नव्हते. मोरीतून पुढे गेल्यावर मात्र सगळे बिघडे. जिवाणू अशी शेपटी टोकापासून दोन-दोन कार्बन तोडत खातात. आपले शरीर चरबी जाळते तेही याच पद्धतीने. फाटा आला की हे काम अडते. 1950च्या दशकात इंग्लंड आणि जर्मनीतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचू लागले, आणि अमेरिकेत काही ठिकाणी विहिरीच्या पाण्यालाही फेस येऊ लागला. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला आणि 1964 पासून डिटर्जंटमधला क्रियाशील घटक किमान 80 टक्के विघटनशील असण्याची अट लागू केली. अमेरिकी उद्योगाने 1965 पर्यंत आपणहून बदल केला.

बदल एवढाच, की शेपटी सरळ केली. त्यासाठी रॉकेलमधून सरळ साखळीचे हायड्रोकार्बन वेगळे काढावे लागले, आणि तिथे झिओलाइट कामी आले. त्याची छिद्रे इतकी नेमकी असतात की सरळ रेणू आत शिरतो आणि फाटे असलेला बाहेरच राहतो. असे तयार झालेले लिनियर अल्किलबेंझीन आपल्याकडे रायगड जिल्ह्यात पाताळगंगेलाही बनत आले आहे. त्यावर सल्फोनेशन केले की तपकिरी, दाट ॲसिड स्लरी मिळते. पावडर बनवणारे छोटे कारखानदार तिचेच पिंप विकत घेतात.

पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे पुस्तकरूपाने मांडली ती 1998 मध्ये. काम झाल्यावर पदार्थ निरुपद्रवी तुकड्यांत मोडावा अशीच त्याची रचना करा, हे त्यांतले दहावे तत्त्व. डिटर्जंटवाल्यांनी ते तीन दशके आधीच पाळले होते, अर्थात फेसाने नाक दाबल्यावर.

हा सौदा बिनखर्चाचा नव्हता. ताजा असताना सरळ शेपटीचा रेणू माशांना जुन्या रेणूपेक्षा जास्त विषारी असतो. तरीही तो पत्करला गेला, कारण हवेशीर पाण्यात तो लवकर मोडतो आणि त्याबरोबर त्याचे विषही संपते. विषारीपणा आणि टिकाऊपणा यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो. ‘नैसर्गिक’ अशी चिठ्ठी लावून तो टळत नाही. रिठ्यातले सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असते. गेळाच्या फळांतही सॅपोनिन असते. म्हणून तर ती ठेचून ओढ्यात टाकून मासे गुंगवण्याची रीत पडली. त्यामुळे शिकेकाई-रिठ्याच्या जाहिरातीतले हिरवे पान पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही.

नदीचे भागले, पण कारखान्याचे काय? बेंझीनला शेपटी जोडायला वर्षानुवर्षे हायड्रोजन फ्लोराइड हा उत्प्रेरक वापरला गेला. हा पदार्थ सुमारे 20 अंश सेल्सिअसलाच उकळतो आणि कातडीतून आत शिरून हाडांपर्यंत पोचतो. त्याच्यासाठी जाड टाक्या, सूचक यंत्रे, खास पोशाख अशी सगळी तयारी लागते, आणि टाकी फुटली तर ती सगळी तोकडी पडते. 1995 मध्ये कॅनडात सुरू झालेल्या कारखान्यात तिथे घन उत्प्रेरक बसवला गेला. घन पदार्थाचा वायू होऊन वस्तीवर पसरत नाही. बचावाची साधने वाढवत बसण्यापेक्षा धोकाच काढून टाकणे केव्हाही शहाणपणाचे. भोपाळनंतर तरी हे आपल्या देशात कोणाला पटवून द्यावे लागू नये.

कधी रेणूला हातही लावावा लागत नाही. डाग खाणारी एन्झाइमे 1960च्या दशकात पावडरीत आली आणि त्यांच्या धुळीने ब्रिटिश कारखान्यांतल्या कामगारांना दमा जडला. उपाय होता एन्झाइमला आवरण घालून त्याचे दाणे करण्याचा. पावडरीत दिसणाऱ्या रंगीत दाण्यांपैकी काहींचा उगम इथे आहे.

इतके सगळे करूनही नदीवर फेस का? सरळ शेपटी मोडायला जिवाणूंना प्राणवायू लागतो. सडलेल्या, हवा नसलेल्या नाल्यात ती जवळपास तशीच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021च्या अहवालानुसार भारतातल्या शहरांत दररोज सुमारे 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते आणि त्यातल्या 20,236 दशलक्ष लिटरवरच प्रक्रिया होते. रसायनशास्त्रज्ञाने केलेले काम उरलेल्या पाण्यात बरेचसे वाया जाते. तेव्हा नगरसेवक मते मागायला दारात आले की रस्त्याच्या आणि दिव्यांच्या बरोबरीने एक प्रश्न जरूर विचारावा: गावाच्या मैलापाणी प्रकल्पात हवा सोडणारे ब्लोअर रोज किती तास चालू असतात?