माशीचा सूड

एका तरुणाचा खून होतो, तो माशीच्या जन्माला येतो आणि आपल्या खुन्याला जगणं नकोसं करून सोडतो. एस. एस. राजमौली यांचा ‘ईगा’ (२०१२) हा तेलुगू चित्रपट एवढ्याच गोष्टीवर उभा आहे. कल्पना त्यांचे वडील, पटकथाकार व्ही. विजयेंद्र प्रसाद यांची. बापलेकांच्या गप्पांत थट्टेथट्टेत निघालेली. ‘मक्खी’ या नावाने तो हिंदीतही आला.

अचाट कल्पनांचं तेलुगू सिनेमाला कधीच वावडं नव्हतं. ‘मायाबाजार’मध्ये (१९५७) घटोत्कच लग्नाचं जेवण एकटा फस्त करतो. ‘यमगोला’मध्ये (१९७७) मेलेला नायक थेट यमलोकात गोंधळ घालतो. तिथे या प्रकाराला ‘सोशियो-फँटसी’ म्हणतात आणि राजमौलींनी स्वतः ‘यमदोंगा’ (२००७) केला होता. पण या गोष्टींतल्या नायकाच्या हाती काहीतरी असतं: माया, बळ, निदान माणसाचं तोंड तरी. ‘ईगा’तला नायक मरतो आणि होतं नव्हतं ते सगळं गमावून बसतो. त्याला बोलताही येत नाही.

चित्रपटाची खरी ताकद इथेच आहे. राजमौली प्रेक्षकाकडे एकच सवलत मागतात, पुनर्जन्माची. तीही लहान मुलीला वडील झोपताना गोष्ट सांगतायत, अशा सुरुवातीतून. त्यानंतर मात्र माशी माशीच राहते. तिच्या अंगात दहा जणांना लोळवण्याचं बळ येत नाही. माशी माणसाला जे करू शकते तेच ती करते: कानाशी गुणगुणते, नाकावर बसते, रात्रभर डोळा लागू देत नाही. वाफेच्या पेटीतला प्रसंग पाहावा. खलनायकाचं फक्त डोकं बाहेर आहे, हात आत अडकलेले आणि माशी चेहऱ्यावर. कोट्यधीश, बेदरकार माणूस तिला हाकलूही शकत नाही. जिथे एका ठोशात माणसं हवेत उडतात, अशा कित्येक मारधाडीच्या चित्रपटांपेक्षा हे जास्त खरं वाटतं. नायिका बिंदू (समंथा) सूक्ष्म कलाकुसर करणारी आहे. त्यामुळे माशीसाठी चिमुकली हत्यारं कुठून आली, हा प्रश्नही उरत नाही.

मांत्रिक येतो तेव्हा मात्र ही शिस्त सुटते. मंत्राने भारलेले पक्षी माशीवर सोडले जातात आणि गोष्टीत दुसरी जादू घुसते. प्रसंग थरारक आहे, पण चित्रपटाला त्याची गरज नव्हती.

‘ईगा’ला सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा आणि स्पेशल इफेक्ट्सचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माशीच्या चेहऱ्यावर भाव दाखवायला जागाच नसते. म्हणून तिचा राग, निश्चय, लाड सगळं पायांच्या आणि मानेच्या हालचालींतून उभं केलं आहे. तरी निम्मं श्रेय खलनायक साकारणारे कन्नड नट सुदीप यांना द्यायला हवं. माशी नंतर संगणकावर आली. चित्रीकरणात समोर फक्त रिकामी हवा होती. त्या हवेकडे पाहून ते आधी चिडतात, मग दचकतात, मग खोलीची एकेक फट बुजवत बसतात. त्यांची नजर जिथे वळते, तिथे प्रेक्षक माशी शोधू लागतो.