ओसाड खाणींतला एकान्त आणि अस्तेयाचा प्रश्न

अमेरिकेच्या नैऋत्येला, कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांत पसरलेल्या मोहावी वाळवंटात एकट्याने गाडी घेऊन हिंडणाऱ्यांचा एक वर्ग आहे. डांबरी रस्ता सोडायचा, खडी-वाळूच्या जुन्या वाटांनी दिवसभर जायचे आणि संध्याकाळी एखाद्या बंद पडलेल्या खाणीजवळ किंवा उठून गेलेल्या रँचच्या कोंडवाड्यापाशी मुक्काम टाकायचा, असा हा क्रम. सोबत कोणी नसते, फोनला रेंज नसते. ही माणसे आपल्या अनुभवाविषयी बोलू लागली की भाषा सहलीची राहत नाही, साधनेची होते. मौन, शांती, आत्मशोध असे शब्द येऊ लागतात. त्यातून दोन प्रश्न उभे राहतात. धर्मपरंपरा ज्याला एकान्त म्हणतात, तो हाच का? आणि ज्या जागेत तो मिळतो, ती जागा खरोखर रिकामी असते का? पहिल्याची चर्चा पुष्कळ होते. दुसरा जास्त अवघड आहे.

हे वाळवंट आज ओसाड दिसते ते निसर्गामुळे कमी आणि धंद्यामुळे जास्त. १८४९ साली कॅलिफोर्नियाच्या सोन्याकडे निघालेली काही बैलगाड्यांवरची कुटुंबे जवळची वाट शोधताना एका खोल दरीत अडकली आणि त्या दरीला डेथ व्हॅली हे नाव पडले. १८७२ च्या खाण कायद्याने सरकारी जमिनीवर खनिज शोधणाऱ्याला खुणा रोवून त्या तुकड्यावर हक्क सांगण्याची मुभा दिली. हा कायदा काही फेरफारांसह आजही लागू आहे. १९०४ मध्ये शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस यांना बुलफ्रॉग टेकड्यांत सोने सापडले आणि पाहता पाहता रायोलाइट हे शहर उभे राहिले. तीन मजली बँक, रेल्वे स्टेशन, शाळा, वीज, सगळे आले. १९१० च्या जनगणनेत तिथे ६७५ माणसे उरली होती, १९१६ मध्ये वीजही तोडली गेली. पनामिंट डोंगरांच्या पायथ्याच्या बॅलराटचे पोस्ट १९१७ मध्ये बंद झाले. 'सेल्डम सीन स्लिम' या टोपणनावाचा एक खाणशोध्या मात्र १९६८ मध्ये मरेपर्यंत त्या गावात राहिला. गुरांच्या रँच जास्त काळ टिकल्या. १९९४ च्या कायद्याने मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह स्थापन झाले, पुढे चराईचे बहुतेक परवाने विकत घेऊन बंद करण्यात आले आणि पवनचक्क्या, टाक्या, कोंडवाडे मागे राहिले. खाणवाल्यांनी सोडलेली गाढवे मात्र नष्ट झाली नाहीत. त्यांची प्रजा इतकी वाढली की झऱ्यांची नासाडी होते म्हणून त्यांना पकडून हलवावे लागते.

इथल्या एकान्तावर पहिला आक्षेप असा की तो उसना आहे. गाडीत एक-दोन स्टेपन्या, माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी, वाळूत रुतू नये म्हणून टायरमधली हवा उतरवून पुन्हा भरण्याचा पंप, उपग्रहामार्फत निरोप धाडणारे यंत्र, आणि घरी कुणाकडे तरी कोणत्या वाटेने जाणार नि कधी परतणार याची चिठ्ठी, इतकी तयारी जाणता प्रवासी करतोच. ती न करण्यात वैराग्य नाही. १९९६ च्या उन्हाळ्यात जर्मनीहून आलेले चौघांचे एक कुटुंब भाड्याच्या गाडीने डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानातल्या ब्यूट व्हॅलीच्या परिसरात गेले आणि परतले नाही. काही महिन्यांनी गाडी सापडली. त्यांतल्या मोठ्या माणसांचे अवशेष मिळायला २००९ उजाडले. तेव्हा प्रश्न तयारी असावी की नसावी हा नव्हे. इतक्या सरंजामासह गेलेल्याला एकटा म्हणायचे का, हा आहे. एडवर्ड ॲबी या लेखकाने १९६८ च्या 'डेझर्ट सॉलिटेअर' या पुस्तकात राष्ट्रीय उद्यानांतून मोटारी हद्दपार कराव्यात असा आग्रह धरला होता. गाडीतून उतरल्याशिवाय वाळवंट भेटत नाही, असे त्याचे म्हणणे.

परंपरेचा दाखला मात्र या आक्षेपाच्या विरुद्ध जातो. ख्रिस्ती एकान्तवासाचा आदिपुरुष मानला जाणारा इजिप्तचा अँटनी (सुमारे २५१ ते ३५६) आधी थडग्यांत राहिला. नंतर नाईल ओलांडून त्याने एक ओस पडलेला किल्ला गाठला आणि सुमारे वीस वर्षे तिथे काढली. अथानासियसने लिहिलेल्या चरित्राप्रमाणे त्याला वर्षातून दोनदा भाकरी पोहोचवली जात असे. म्हणजे रसद बाहेरून येत होती, जागाही दुसऱ्याने बांधून टाकून दिलेली होती, तरी त्याच्या एकान्ताला कोणी खोटे म्हटले नाही. कारण रसदीने एकान्त मोडत नाही. निघून जाण्याची सोय असली की तो कच्चा राहतो. चौथ्या शतकातल्या इव्हाग्रियस पॉन्टिकसने वाळवंटातल्या भिक्षूंच्या मनोविकारांची मांडणी केली. त्यांत दुपारच्या कंटाळ्याचा विकार त्याने सर्वांत जड ठरवला. सूर्य हलेनासा वाटतो, भिक्षू पुन्हा पुन्हा दाराबाहेर डोकावतो, ही जागाच आपल्यासाठी नाही असे त्याला वाटू लागते. यावर त्याचा मुख्य उपाय होता, खोली सोडू नये. गाडीवाल्याच्या खिशात किल्ली असते. कंटाळा आला की तो पुढच्या खाणीकडे निघतो आणि त्याला शोध म्हणतो. गाडीविषयी खरी तक्रार करायची तर ही करावी. पेट्रोल आणि आरामाची तक्रार वरवरची आहे.

भारतीय परंपरेत जागेचा विचार वेगळ्या अंगाने झाला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे जे स्थान वर्णिले आहे, तिथे दाट झाडी आहे, निर्मळ पाणी आहे, लोकांची वर्दळ नाही. ते इतके रम्य आहे की सहज आलेल्या विलासी माणसालाही तिथेच राहावेसे वाटावे. अशी जागा साधकाचे निम्मे काम स्वतः करते. वाळवंट तसले साहाय्य करत नाही. इजिप्तचे भिक्षू तिथे गेले ते शांतीसाठी नव्हे, झुंजीसाठी. वाळवंट हे सैतानांचे घर अशी त्यांची समजूत होती. एकान्त आपोआप पवित्र करतो हा भ्रम मोहावीच्या परिसरात तरी टिकू नये. डेथ व्हॅलीच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या बार्कर रँच या आडबाजूच्या वास्तूत १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये हत्याकांडामुळे कुप्रसिद्ध झालेला टोळीप्रमुख चार्ल्स मॅन्सन आणि त्याचे अनुयायी पकडले गेले. त्या टोळीनेही निर्जनताच शोधली होती.

आता दुसरा प्रश्न. सोडलेल्या घरात राहण्याचा सर्वांत नेमका विचार जैन आचारशास्त्रात सापडतो. 'तत्त्वार्थसूत्रा'च्या दिगंबर पाठात, सातव्या अध्यायात, अचौर्यव्रत (अस्तेय) दृढ करणाऱ्या पाच भावना सांगितल्या आहेत. त्यांतली पहिली म्हणजे डोंगरातली गुहा किंवा झाडाची ढोली अशा रिकाम्या जागी राहणे. दुसरी, इतरांनी सोडून दिलेल्या वास्तूत राहणे. तिसरी, तिथे दुसरा कोणी आला तर त्याला न अडवणे. हा विषय ध्यानाच्या प्रकरणात न घालता चोरीच्या प्रकरणात घातला, यात शास्त्रकारांचे शहाणपण दिसते. ओसाड घरात शिरणाऱ्याला मन स्थिर होईल का, हे विचारण्याआधी आपण कुणाचे काही घेत तर नाही ना, हे विचारावे लागते.

मोहावीत या तीनही भावनांची कसोटी रोज लागते. ब्यूट व्हॅलीत 'जिऑलॉजिस्ट्स केबिन' नावाची दगडी खोली आहे. जो आधी येईल त्याने राहावे आणि आत कोणी आहे हे कळावे म्हणून झेंडा चढवावा, असा रिवाज. निघताना सरपण, डबाबंद अन्न मागून येणाऱ्यासाठी ठेवून जाणारेही असतात. उंदरांच्या लेंड्यांतून पसरणाऱ्या हंटाव्हायरसमुळे उद्यान खाते अशा खोल्यांत झोपू नये असे बजावते, ही गोष्ट वेगळी. ज्यांनी जैन सूत्राचे नावही ऐकलेले नाही, त्यांच्यात तिसरी भावना रूढ झाली ती निव्वळ गरजेतून, आणि तिचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

वस्तूंच्या बाबतीत वागणे इतके चांगले नाही. खाणीभोवती गंजलेले डबे, खिळे, उन्हाने जांभळी पडलेली काच विखुरलेली असते. पूर्वी काच रंगहीन दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की जांभळट होते. उचलणाऱ्याला हा कचरा वाटतो, पण डब्याचा सांधा कसा जोडला आहे यावरून छावणीचा काळ ठरवता येतो. उद्यानातून काहीही उचलणे बेकायदा आहे. १९७९ च्या कायद्याने सरकारी जमिनीवरच्या किमान शंभर वर्षे जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंनाही संरक्षण दिले आहे. खाणीच्या आत जाण्याची बंदी मुख्यतः जिवाच्या भीतीने आहे. अंधारातले उभे खड्डे, कुजलेले टेकू, प्राणवायू नसलेली हवा, जुना डायनामाइट, सगळेच घातक. पण आत वटवाघळेही राहतात, म्हणून काही तोंडांना त्यांना जाता-येता येईल अशा सळ्यांची दारे बसवली आहेत. सोडलेली वास्तू एका अर्थी कधीच मालकाविना नसते.

इथे पाश्चात्त्य विचाराचा एक जुना सिद्धांत आड येतो. सतराव्या शतकात जॉन लॉकने मालकीचा उगम श्रमात शोधला. ज्याने जमिनीत श्रम घातले त्याची ती, आणि कुंपण घातलेल्या जमिनीवरचे पीक कुजू दिले तर ती पडीक समजून दुसऱ्याने घ्यावी. १८७२ च्या खाण कायद्याचा आत्माही तोच आहे. या तर्काने ज्यांचे श्रम कुंपणाच्या रूपात दिसत नाहीत, त्यांची जमीन पहिल्यापासूनच बेवारस ठरते. डेथ व्हॅलीत टिंबिशा शोशोनी लोक सोनेवाल्यांच्या कितीतरी आधीपासून राहत होते. हिवाळा दरीत काढायचा आणि उन्हाळा उंच डोंगरांत, ही त्यांची रीत. रायोलाइटच्या सर्वांत मोठ्या खाणीला 'माँटगोमेरी शोशोनी' हे नाव मिळाले, शोशोनींना खाण मिळाली नाही. १९३३ मध्ये दरी राष्ट्रीय स्मारक झाली. १९५७ नंतरच्या गृहनीतीत, उन्हाळ्यासाठी कुटुंबे डोंगराकडे गेली की त्यांची रिकामी दिसणारी मातीची घरे पाण्याचे फवारे मारून पाडण्यात आली. ऋतूपुरती अनुपस्थिती म्हणजे त्याग, असा अर्थ तिथे लावला गेला.

म्हणून या वाळवंटातल्या एकान्ताची योग्यता मौनाच्या खोलीवरून ठरवणे पुरेसे नाही. एखादी जागा कोणाचीच नाही हे प्रवाशाने कशावरून ठरवले, यावर ती ठरते. ज्यांची घरे अशी बेवारस ठरवली गेली, त्या टिंबिशांना अमेरिकन सरकारची मान्यता १९८३ मध्ये मिळाली. २००० सालच्या कायद्याने त्यांना सुमारे ७,७०० एकर जमीन देण्यात आली. तिच्यातली सुमारे ३०० एकर डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीक इथे आहे. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान मात्र सुमारे ३४ लाख एकरांचे आहे.