अर्धे राहिलेले गाणे

माणूस गेल्यावर त्याच्या घरदाराची, जमीनजुमल्याची वाटणी कशी करावी हे सांगणारे कायदे आहेत; ते पुरे पडले नाहीत तर वकील आहेत. पण त्याच्या अर्ध्या राहिलेल्या कामाचे काय करावे, हे सांगणारा शहाणा मला अजून भेटायचा आहे. विणायला घेतलेला स्वेटर, लिहायला घेतलेले पत्र, गुणगुणायला घेतलेले गाणे. हे पुरे करण्याचा अधिकार कुणाचा? आणि पुरे केलेच, तर मग ते म्हणायचे कुणाचे?

हा प्रश्न माझ्या मनात रुतून बसला तो एका परदेशी गाण्यामुळे. 'बीटल्स' या नावाने जगभर गाजलेल्या लिव्हरपूलच्या चौघांचे 'नाउ अँड देन' हे गाणे २ नोव्हेंबर २०२३ रोजी, आपल्या लक्ष्मीपूजनाच्या बरोबर दहा दिवस आधी, प्रसिद्ध झाले. ही मंडळी आपल्याला अगदीच परकी नव्हेत. त्यांतला जॉर्ज हॅरिसन रविशंकरांपाशी सतार शिकला होता, आणि १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या एच. एम. व्ही. च्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन त्याने ध्वनिमुद्रणही केले होते. पण २०२३ साली चौघांपैकी दोघेच हयात होते. जॉन लेननचा १९८० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये, राहत्या इमारतीच्या दाराशी खून झाला. जॉर्ज २००१ मध्ये कर्करोगाने गेला. तरीही या तबकडीवर चौघेही आहेत!

घडले ते असे. १९७५ ते ८० च्या दरम्यान केव्हातरी लेननने घरी पियानोवर बसून हे गाणे साध्या कॅसेटवर भरून ठेवले होते. त्याची पत्नी योको ओनो हिने १९९४ मध्ये अशा काही फिती पॉल मॅकार्टनीच्या हवाली केल्या. उरलेल्या तिघांनी त्यांतली दोन गाणी पुरी करून १९९५ आणि ९६ मध्ये बाहेर काढली. हे तिसरे मात्र सोडून द्यावे लागले. फितीत एक घरघर होती, आणि पियानो लेननच्या आवाजावर चढून बसला होता. शिवाय, पॉलच सांगतो की, जॉर्जला ते पसंत नव्हते.

पुढे पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने २०२१ मध्ये बीटल्सवर मोठा माहितीपट केला. त्यासाठी त्याच्या माणसांनी एकात एक मिसळलेले आवाज वेगळे करणारे तंत्र तयार केले. सुपात तांदूळ घेऊन खडे निवडावेत, तसे या यंत्राने पियानोतून लेननचा आवाज निवडून काढला. मग पॉल आणि रिंगो स्टार यांनी नव्याने साथ भरली. जॉर्जने १९९५ मध्ये वाजवलेली गिटार त्यात घेतली. जॉर्जच्या धाटणीचा एक तुकडा पॉलने स्वतः वाजवला. तंतुवाद्यांचा ताफा आला. त्यांच्याच जुन्या गाण्यांतले कोरसचे सूर आणून मिसळले. लेननच्या मूळ गाण्यातला एक भाग गाळलाही. ब्रिटनमध्ये हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. त्याआधीचा त्यांचा पहिला क्रमांक होता १९६९ सालचा! तबकडीच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी १९६२ चे आपले पहिले गाणे 'लव्ह मी डू' ठेवले.

गाणे येण्याआधी पुष्कळांचा समज झाला होता की, यंत्राने लेननचा खोटा आवाज बनवला आहे. तसे नाही. आवाज त्याचाच आहे. यंत्राने फक्त धूळ झटकली. पण धूळ झटकणे आणि भर घालणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे, आणि माझ्या मते सारा प्रश्न त्या अंतरातच आहे.

आपल्याकडे धूळ झटकण्याचे सर्वांत थोर उदाहरण एकनाथांचे. ज्ञानेश्वरीत तीनशे वर्षांत पाठभेदांची खूप भेसळ झाली होती. शके १५०६ मध्ये नाथांनी ती शुद्ध केली. नाथ स्वतः केवढे कवी! पण त्यांनी आपली ओवी मध्ये घुसडली नाही. उलट बजावून ठेवले की, जो या ग्रंथात आपली ओवी मिसळेल त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल. दुसरे टोक बाणभट्टाच्या मुलाचे. 'कादंबरी' अर्धी टाकून बाप गेला. मुलाने ती पुरी केली. आरंभीच त्याने सांगून टाकले की, हे मी कवित्वाच्या गर्वाने करीत नाही. ग्रंथ अपुरा राहिल्याचे सज्जनांना दुःख होते म्हणून करतो. नाथांनी भर घातली नाही, म्हणून ते प्रामाणिक. बाणपुत्राने भर घातली, पण माझे कुठून सुरू होते ते सांगून घातली, म्हणून तोही प्रामाणिक. पॉलचे माप याच काट्यावर घालावे लागेल. काय जुने, काय नवे हे त्याने लपवले नाही. येथवर तो बाणपुत्राच्या पंगतीत बसतो.

मला अडते ते जॉर्जपाशी. लेननने हो म्हटले नव्हते, तसे नाहीही म्हटले नव्हते. जॉर्जने मात्र एकदा मान हलवली होती. त्याच्या पत्नीने आणि मुलाने २०२३ मध्ये संमती दिली, हे खरे. पण वारसाला घर मिळते, बाग मिळते. गेलेल्याचा नकार मागे घेण्याचा हक्क मिळतो काय? कुणी म्हणेल, नकार त्या खराब फितीला होता, गाण्याला नव्हे. आज आवाज स्वच्छ झाल्यावर तोही हो म्हणाला असता. असेलही. पण 'म्हणाला असता' हे शब्द फार सोयीचे असतात. गेलेली माणसे आपल्या मनाजोगेच बोलतात.

ही चर्चा केवळ थोरामोठ्यांची राहिलेली नाही. आमच्या घरी आईच्या ओव्यांची एक जुनी कॅसेट आहे. माझ्या थोरल्या बहिणीने ती चोरून भरली होती. चौथ्या ओवीच्या मध्येच आईच्या लक्षात येते, ती थांबते आणि म्हणते, "बंद कर बाई ते, माझा मेलीचा काय आवाज!" पुतण्याने ती ऐकली आणि म्हणाला, "काका, आवाज अगदी स्वच्छ काढून देतो. आणि तिचं ते बोलणं काढून टाकू. राहिलेली ओवी आजीच्याच आवाजात पुरी करता येते हल्ली."

मी म्हटले, "घरघर काढ. बोलणे राहू दे. आणि ओवी तिथेच थांबू दे."

"पण अर्धीच राहील ना!"

"राहू दे. तिने तिथवरच म्हटली होती."

तो हिरमुसला, पण माझे मत कायम आहे. तिच्या आवाजात जी ओवी तिने म्हटलीच नाही ती आपण ऐकू लागलो, तर चार वर्षांनी नातवंडांना आजी कुठली आणि यंत्र कुठले हे कळेनासे होईल. आणि ते 'बंद कर' काढून टाकले तर तिचा संकोच, म्हणजे तीच, निघून जाईल. तिची इच्छा पाळायची तर कॅसेटच पुसायला हवी, हेही मला कळते. तेवढे धैर्य माझ्यात नाही. निदान तिची हरकत तिच्या ओव्यांशेजारी जपावी, एवढे मी करू शकतो.

म्हणून पॉलला मी दोष देत नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला आपल्या तरुणपणच्या मित्राबरोबर एकदा गावेसे वाटले, तर त्याला अडवणारे आपण कोण? माझी अपेक्षा एवढीच की, गाण्याची ही कथा सांगताना जॉर्जची नापसंतीही दर वेळी सांगितली जावी. जिवंतांनी मृतांच्या वतीने बोलावे, पण मृतांचे बोललेले शब्द खोडू नयेत.

दिवाळीला घरोघर माणसे जमतील, फराळाबरोबर जुन्या आठवणी निघतील, मोबाइलवर आजीआजोबांचे आवाज भरले जातील. भरा, अवश्य भरा. फक्त ती समोर आहेत तोवर त्यांनाच विचारून घ्या : यातले काय ठेवू आणि काय पुसू? हे उत्तर कोणतेही यंत्र पुढे निवडून काढू शकणार नाही.