बिनकामाचं चालणं

साधा प्रश्न आहे. आपल्या माणसानं उगाच चालावं का?

मी सूतगिरणीत साईडर. आठ तास रिंगफ्रेमच्या गल्लीत येरझाऱ्या घालतो. धागा तुटलेला दिसला की जोडतो, पुढं सरकतो. पाळी सुटल्यावर पाय म्हणतात, बस झालं. म्हणून खात्यातली पोरं फाल्गुनात महाडला जाऊन दिवसभर पायी हिंडू म्हणाली तेव्हा मला हसू आलं. पैसे मोडून चालायला जायचं? चालणं तर आपल्याला वारशातच मिळालंय.

माझा पणजा येसकर. साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं. पाटलाच्या घरात कुणी मेलं की सांगावा घेऊन गावोगाव जायचं, ऊन असो, पाऊस असो. १९५८ च्या कायद्यानं वतन मोडलं. तोवर त्याच्या पायांना स्वतःचं असं एक पाऊल नव्हतं.

तरी गेलो. २० मार्चच्या गर्दीआधीचा रविवार. सकाळी गांधारपाल्याची बुद्धलेणी पाहिली. मग खाली उतरून बांधाबांधानं महाडकडं निघालो. पळस पेटलेला. काटेसावरीला पान नाही, नुसती लाल फुलं. एक पोरगं म्हणालं, "काय भारी दिसतंय रे!" आणि पळसाचं फूल उचलून कानावर खोवलं. आमच्यातला थोरला भडकला. "सहलीला आलायस का? इथं आपल्या माणसांची डोकी फुटलीत." पोरगं गप्प झालं. फूल खिशात गेलं. बाकीचे माना खाली घालून चालू लागले.

मला दोघंही खरे वाटले. दुसऱ्या दिवशी पाळीवर सूत जोडता जोडता तेच डोक्यात.

चवदार तळं कागदावर आधीच खुलं होतं. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं ठराव केला. पाण्याला मात्र हात लावता येईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर माणसं परिषदेतून निघाली, चालत तळ्यावर गेली, ओंजळीनं पाणी प्याली. तेव्हा ठरावात जीव आला. त्याची किंमत त्याच दिवशी लाठ्यांनी वसूल केली. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

पण ती माणसं चालली कशासाठी? पुढच्यांनीही जन्मभर मोर्चातच चालावं म्हणून? मला नाही वाटत. त्यांच्या पणतवंडाला त्याच वाटेनं हात हलवत, शीळ घालत जाता यावं, म्हणूनही ती चालली असतील.

हक्क म्हणजे नुसतं तिथं पोचता येणं नव्हे. काही काम नसताना, कुणाला कारण न सांगता रेंगाळता येणं म्हणजे हक्क. अजूनही या देशात कुठं कुठं दलित नवरदेवाला घोड्यावरून उतरवतात. तिथं आपलं प्रत्येक पाऊल मोर्चाच असतं. म्हणजे ती वाट अजून आपली झालेली नाही.

आणि थोरल्याचंही खरं. फुटलेली डोकी विसरून कानावर फूल खोवलं तर ती दुसऱ्याच्या रक्तावरची चैन. आठवण ठेवायचीच. पण त्यासाठी मान खाली घालायची गरज नाही. मान वर करता यावी म्हणूनच तर ते सगळं झालं.

जेवणाच्या सुट्टीत थोरल्याला विचारलं, "दादा, पुढच्या फाल्गुनात येणार?"

"येतो. पण मी काय फूलबिल लावायचा नाही."

"नको लावूस. त्या पोराला तेवढं लावू दे."

तो काही बोलला नाही. डब्यातली अर्धी भाकरी मोडून त्यानं माझ्यापुढं सरकवली.