मोल दिलें, पण कोणाला?

वस्तूचें मोल चुकतें केलें म्हणजे आपण ऋणमुक्त झालों, अशी सर्वसाधारण समजूत असते. मॉस्कोच्या ‘ऑलऑफएमपीथ्री’ या इंटरनेटवरील दुकानानें ती कसोटीस लावली. तें दुकान गाणीं नगावर न विकतां, संगणकावर तीं जितकी जागा व्यापतील त्या मापानें विकी. अख्खी ध्वनिमुद्रिका एकदोन डॉलरांत पदरीं पडे. रशियांतील एका परवाना-संस्थेला आपण शुल्क भरतों, असें दुकानदार म्हणत. त्या संस्थेला आम्ही अधिकारच दिला नाहीं, असें ध्वनिमुद्रण-कंपन्या म्हणत. २००६ च्या डिसेंबरांत कंपन्यांनीं न्यूयॉर्कला दावा लावला. १ कोटी १० लाख गाणीं आणि दर गाण्यामागें दीड लाख डॉलर, या हिशेबानें मागणी १.६५ लाख कोटी डॉलरांवर गेली! पुढें २००७ च्या जुलैंत दुकान बंद झालें. ऑगस्टांत मॉस्कोच्या न्यायालयानें त्याच्या चालकास निर्दोष ठरविलें. आणि २००८ मध्यें कंपन्यांनींहि दावा सोडून दिला.

मग ग्राहकहि निर्दोष ठरला काय? कायद्याच्या दृष्टीनें कदाचित् ठरेल. परंतु निर्दोष ठरणें आणि ऋणमुक्त होणें या गोष्टी भिन्न आहेत. चोराला निदान आपली चोरी ठाऊक असते. या ग्राहकास दाम मोजल्याचें समाधान असतें, म्हणून त्याचा विवेक अधिक गाढ झोंपतो. कंपन्यांची मागणी अवाच्यासवा होती, हें खरें; पण दुसऱ्याच्या हांवेनें आपलें ऋण फिटत नाहीं. ज्याच्या गळ्यानें आपल्या घरांत आनंद आणला, त्याला कांहीं पोंचतें काय, हा प्रश्न न्यायासनानें विचारो वा न विचारो, आपणांस तो टाळतां येत नाहीं.